पेटीबाईंचं आठवं वाक्य

पेटीबाईंना मी किती ओळखत होतो असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर सात वाक्यं एवढंच आहे. नंतर नंतर आठ. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही. गळ्यात ओळखपत्र असायचं, पण ते कायम उलटं फिरलेलं. त्यामुळे त्यांच्याबद्दलची छापील म्हणावी अशी एकच माहिती माझ्याकडे आहे: 'सापडल्यास खालील पत्त्यावर परत करावे.' तेवढंही मी दोन-तीन भेटींत तुकड्यातुकड्यानं वाचलं. बाईमाणसाच्या गळ्यातल्या पट्टीकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही.

लिहायची मला सवय नाही. चाळीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले, आणि लिहिलं ते काट्याच्या तळाशी चिकटवायच्या चिठ्ठीवर, तारीख आणि सही. खरं तर हे दादानं लिहायला हवं होतं, कारण जे झालं ते त्याच्या पोटात झालं. पण तो म्हणाला, "मी लिहिलं तर सगळं ओरडल्यासारखं होईल. तू लिही. तुझं लोक निदान पुढे वाकून वाचतील."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. चौतीस वर्षं बस चालवली, आणि तेव्हा शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज निवृत्तीबरोबर परत करायचा राहून गेला. वहिनी गेल्यावर मी माझं बिऱ्हाड आवरून त्याच्याकडे राहायला आलो. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि शौचालय एकच. हे शेवटचं लक्षात ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.

पेटीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात पातेलं घासत होतो. दारावर तीन टकटक झाल्या, सारख्या अंतराच्या. दादानं दार उघडलं. बाहेर पन्नाशीच्या बाई, पायात बूट, एका बुटाची नाडी तपकिरी आणि दुसऱ्याची पांढरी, हातात निळी पेटी. मासळी किंवा औषधं गार ठेवायला असते तशी. दुसऱ्या हातात एक कार्ड. त्यांनी कार्डाकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि वाचायला सुरुवात केली.

"नमस्कार. मी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या संशोधनाकडून आले आहे. या घरात पन्नास ते पंच्याहत्तर वयाचं कोणी आहे का?"

"दोघं आहेत," दादा म्हणाला. "एक मी. दुसरा आत पातेल्यात लपलाय."

मी घासायचा जोर वाढवला.

पुढची वाक्यं मला आता पाठ आहेत. कर्करोग व्हायच्या आधी आतड्यात गाठ वाढते. तिच्यातून कधी कधी थोडं रक्त जातं, ते डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायची घरच्या घरी करायची एक सोपी तपासणी आहे. आणि मग ती तपासणी कशाची ते आलं. तो शब्द बाईंनी इतक्या सरळ उच्चारला की माझ्या हातातलं पातेलं मोरीत पडलं. माफ करा, पण तो शब्द मी इथेही लिहिणार नाही. वाचणाऱ्याला कळला असेल.

सातवं वाक्य होतं, "आपल्याला काही विचारायचं आहे का?"

"एक विचारायचंय," दादा म्हणाला. "रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत गेला होतात का?"

"तिकडे नळ्या पोस्टानं जातात. या बाजूला मी येते. कुणाकडे काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलंय. नळी पोस्टानं आली तर लोक जास्त परत देतात की माणूस दारात आला तर, हे संशोधनात बघायचंय."

"म्हणजे एखाद्या औषधाचा प्रयोग करतात तसा तुमचाच प्रयोग चाललाय?"

"हो. औषध मीच."

"आमचं नशीब चांगलं म्हणायचं."

"ते अजून सिद्ध व्हायचंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं.

बोटाएवढ्या दोन नळ्या निघाल्या, हिरव्या झाकणांच्या. झाकणालाच आतून एक काडी. कागद पसरायचा, काडी चार जागी टोचायची, काडी परत नळीत, झाकण बंद, हलवायचं, तारीख घालायची. गुरुवारी त्या न्यायला येणार. नळीवर आमचे नंबर चिकटवलेले होते. एक दादाची, एक माझी. जाताना त्यांनी आतल्या बाजूला मान करून, पण कार्डावर नसलेलं असं म्हटलं, "धाकटे काका, पातेलं झालं असेल आता स्वच्छ."

दादानं त्यांचं पेटीबाई हे नाव त्याच दिवशी ठेवलं, आणि पुढच्या भेटीत तोंडावर म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "चालेल. मागच्या गल्लीत मला याहून वाईट म्हणतात."

आता माझी लाज सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

दादानं त्याची नळी सोमवारी सकाळी गाणं म्हणत भरली. माझी मी चष्म्याच्या डबीमागे ठेवली. मंगळवारी ती तिथून हलवून कपाटात ठेवली, कारण चष्मा काढताना दिसायची. मला जमेना. कसं सांगू? मी असा माणूस आहे की दवाखान्यात डॉक्टरांनी "पोट साफ होतं का?" विचारलं की मी "आपल्या कृपेनं" म्हणतो. ती काडी, तो कागद, त्यावर तारीख, आणि मग ते सगळं एका बाईंच्या हातात द्यायचं! बुधवारी सकाळी मी दादासमोर जाऊन उभा राहिलो.

"दादा, एक काम होतं."

त्यानं माझ्या हातातली नळी बघितली आणि इतका हसला की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

"आण इकडे. शाळेत तुझी लस मी घेतली असती तर बरं झालं असतं, चार माणसं धरायला लागली होती."

"पण चालेल का?"

"न चालायला काय झालं? एका आईची लेकरं. दोघं एकाच पातेल्यातलं खातो. निकाल काय वेगळा येणार आहे?"

हे मला पटलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुकानदारांना सांगितलं, की बाबांनो, काटा ज्याचा त्यानं तपासून घ्यावा, शेजारच्याचा बरोबर आहे म्हणून तुमचा बरोबर ठरत नाही, त्या माणसाला हे पटलं. दादा नळी घेऊन गेला, भरून आणली, झाकण आपल्या ड्रायव्हरच्या पंजानं आवळलं आणि मी तिच्यावर सुंदर अक्षरात तारीख घातली. गुरुवारी पेटीबाई आल्या, दोन्ही नळ्या पेटीत ठेवल्या, "आपल्याला काही विचारायचं आहे का?" म्हणाल्या. मी म्हणालो, "नाही." तो आमचा पहिला संवाद.

सोळा दिवसांनी त्या परत आल्या. या वेळी पेटी नव्हती, कार्ड वेगळं होतं, छोटं. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं.

"मोठ्या काकांच्या नळीत रक्त सापडलेलं नाही. धाकट्या काकांच्या नळीत सापडलंय." मग कार्ड: "याचा अर्थ कर्करोग आहे असा नाही. बऱ्याच जणांत तो निघत नाही. पण दुर्बिणीनं मोठं आतडं तपासून घेणं गरजेचं आहे."

मी दादाकडे बघितलं. दादानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं उठून रेडिओ लावला. आमच्या घरात दुपारी कधी रेडिओ लागत नाही.

बाई गेल्यावर तो म्हणाला, "मूळव्याध असेल."

"कुणाला?"

"मला. बस चालवणाऱ्या प्रत्येकाला असते. चौतीस वर्षं सीटवर."

"दादा, मग त्यांना सांगू या ना, की ती नळी तुझी..."

"माझी नळी साफ आली. कागद आहे." त्यानं कागद हवेत हलवला. "माझं काम संपलं. कागदावर तुझं नाव आहे. तू जा, दुर्बीण घालून घे, तुझं साफ निघेल, सगळे खूश."

"पण रक्त तुझ्यात आहे."

"हळू बोल!" दादा म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

तेव्हा मला कळलं की दादा घाबरलाय. वहिनींना दवाखान्यात नेलं तेव्हा त्या चालत गेल्या होत्या. दादानं त्यानंतर दवाखान्याच्या रस्त्यानं जाणंच सोडलं, भाजीलासुद्धा वळसा घालून जातो. त्यानं माझ्याकडून वचन घेतलं की मी कुणाला काही बोलणार नाही. मी दिलं. मी कधीच कुणाला काही बोलत नाही, त्यामुळे माझं वचन देणं सोपं असतं.

तपासणीची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. ते दहा दिवस मी दादाच्या ताटाकडे बघत काढले. तो नेहमीसारखा जेवत होता, आणि त्याच्या आत कुठेतरी, डोळ्यांना न दिसणारं, थेंब थेंब जात होतं. आणि दुर्बीण घालून घ्यायला निघालो होतो मी. इतका मूर्ख कारभार मी कुठल्याही दुकानात बघितला नव्हता. तरी तोंड उघडेना.

तपासणीच्या तीन दिवस आधी पेटीबाई पोट साफ करायच्या पावडरची पाकिटं घेऊन आल्या. दादानं त्यांचा आवाज ऐकला आणि आतल्या खोलीत जाऊन रेडिओ लावला. मी जिन्यातच गेलो, दार मागे ओढून. पेटी त्यांच्या हातात होती. त्यांनी मला पाकिटं समजावली. दोन लिटर संध्याकाळी, दोन लिटर पहाटे. मग सातवं वाक्य.

"आपल्याला काही विचारायचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. पण दाराकडे वळलो नाही. त्याही खाली उतरल्या नाहीत. जिन्याच्या खिडकीशी त्यांनी खिशातून संत्रं काढलं आणि सोलायला लागल्या. आमच्या घरी त्यांनी कधी पाण्याचा थेंब घेतला नाही, त्यांना तसा नियम होता म्हणे. पण जिन्यात त्या संत्रं खायच्या आणि साली परत खिशात घालायच्या.

"धाकटे काका, तुम्ही वजनकाटे दुरुस्त करायचात ना? मोठे काका सांगत होते."

"हो."

"काटा हातात आला की आधी काय बघायचात?"

"रिकामा ठेवून बघायचो. काही न ठेवता शून्य दाखवतोय का ते. तिथेच चूक असली तर पुढचं सगळं वजन चुकीचं."

"असं." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलीनं आज मला एक गंमत सांगितली. दोनशे नळ्यांत दोनच अशा होत्या की ज्यांची झाकणं पक्कडीनं उघडावी लागली. दोन्ही याच घरातल्या." मग त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. माझे हात बारीक स्क्रू फिरवणाऱ्याचे आहेत. सरबताच्या बाटलीचं झाकणसुद्धा मी दादाकडून उघडून घेतो.

"मला कार्डाबाहेरचं विचारता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी फक्त काट्यांबद्दल विचारतेय."

मी जिन्याच्या कठड्याला धरलं आणि वचन मोडलं. आयुष्यातलं पहिलंच. "ती नळी माझी नाही," मी म्हणालो. "शून्यच चुकलंय."

पेटीबाईंनी पेटी खाली ठेवली, पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. मीही उभ्या उभ्या हसलो असेन, मला नक्की आठवत नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाल्या.

"अकरा महिने झाले. हजारभर दारं झाली. कुणी कुत्र्याची दिली नाही, शेजाऱ्याची दिली नाही. तुमच्याकडेच हे निघायचं होतं! दोन्ही मोठ्या काकांच्याच?"

"एक सोमवारची, एक बुधवारची."

"आणि बुधवारची लाल."

"तुम्हाला आता बोलणी बसतील का?"

"चार पानी फॉर्म भरावा लागेल. 'चूक कशी झाली' याला त्यात एवढीशी जागा असते." त्यांनी चिमटीनं दाखवली. "यात तुमचं मावणार नाही. ते माझं मी बघेन. आधी त्यांचं बघू."

त्यांनी हातातलं कार्ड पेटीत टाकलं आणि झाकण लावलं. "पाच मिनिटं मी संशोधनात नाही," असं म्हणून त्या आमच्या घरात शिरल्या. पेटी जिन्यातच राहिली. मी ती उचलून आणली, इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.

दादा खिडकीशी बसला होता. बाईंना बघून त्यानं रेडिओ मोठा केला. बाईंनी तो बंद केला.

"मोठे काका, बुधवारची नळी तुमची."

दादानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पेटी पुढ्यात धरली.

"घरभेदी!" तो म्हणाला. मग बाईंना, "माझी साफ आलीय. कागद दाखवू?"

"रक्त रोज जात नाही. तुमच्या बसमधून तेल गळायचं ना?"

"जुन्या गाडीतून गळायचं."

"रोज?"

"रोज कसं गळेल? चढावर गळायचं. इंजिन तापलं की."

"मग एखाद्या दिवशी खाली डाग नाही दिसला, तर तुम्ही काय म्हणायचात, गाडी बरी झाली?"

बसबद्दल खोटं बोलणं दादाला जमत नाही.

"सोमवारी तुम्ही सपाटीवर होतात," बाई म्हणाल्या. "गाडी डेपोत घालायची की नाही, तेवढं सांगा."

"डेपोत गेलेली गाडी परत येतेच असं नाही, बाई."

हे तो इतकं हळू म्हणाला की मीसुद्धा पुढे वाकलो. मग दादानंच विचारलं, "तुमच्या घरी झालं होतं का कुणाला हे? म्हणून तुम्ही हे काम घेतलंत?"

"नाही हो. जाहिरात आली होती. मला जिने चढायला आवडतात."

दादाला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "मी काही घाबरत नाही."

"छे! तुम्ही धाकट्या भावाला पुढे करणारे शूर. पण त्यांच्या आतड्यात दुर्बीण घालून तुमचं दिसणार नाही. तशी दुर्बीण अजून निघालेली नाही. निघाली की मी स्वतः सांगायला येईन."

"हाच माझ्याकडे आला होता नळी घेऊन! यानं स्वतःचं काम केलं असतं तर हे झालंच नसतं."

"यांनी स्वतःचं काम केलं असतं," बाई म्हणाल्या, "तर तुमची एकच नळी गेली असती. सोमवारची."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. दादाला आधी कळलं. त्यानं खिशातून तो 'रक्त सापडलेलं नाही'चा कागद काढला, एकदा वाचला, घडी घातली.

मग तो सौदा करायला लागला. दादा हरताना नेहमी सौदा करतो. "ठीक आहे. पण हा स्वतःची नळी भरणार असेल तरच मी ते चार लिटर पिणार. यानं उद्या सकाळी भरायची. स्वतः. काडीसकट."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पेटीकडे बघितलं.

"दादा, चल," मी म्हणालो. "भरतो."

बाईंनी पेटीतून नवी नळी काढून माझ्या हातात दिली. दवाखान्याला फोन करून तारीख माझ्या नावावरून दादाच्या नावावर करायला त्यांना पुढे अर्धा तास लागला, कारण पलीकडच्या माणसाला हे कसं झालं ते कळेना. त्या तीनदा म्हणाल्या, "नाही, भाऊ. नाही, तो दुसरा. हो, नळी याची, नाव त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद पसरला. जास्त काही सांगत नाही. जगबुडी झाली नाही. काडी चार जागी टोचली, झाकण लावलं, तारीख घातली. दारातून बाहेर आलो तर दादा समोर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

त्याची पाळी त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. त्या संध्याकाळी त्यानं पहिला पेला नाक धरून घेतला आणि म्हणाला, "समुद्रात कुणीतरी लिंबू पिळलंय." तिसऱ्या पेल्यानंतर तो बोलेनासा झाला. पाचव्यानंतर आमचं एकुलतं एक शौचालय माझ्या हातून गेलं ते गेलंच. पहाटेच्या दोन लिटरच्या वेळी मी शेजाऱ्यांकडे गेलो, त्यांना पहिल्यांदाच तो शब्द न टाळता कारण सांगितलं, आणि त्यांनी काही न बोलता आत घेतलं. माणूस सत्तरीला टेकला तरी सुधारतो.

दवाखान्यात दादा माझ्या दंडाला धरून चालला. पायऱ्यांवर म्हणाला, "ती याच दारानं गेली होती." मी म्हणालो, "हो." मग त्याचं नाव पुकारलं आणि तो आत गेला. मी बाकावर बसून समोरच्या वजनकाट्याकडे बघत राहिलो. रिकामा होता आणि पाव किलो जास्त दाखवत होता. दुसरा दिवस असता तर दुरुस्त करून दिला असता.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आतड्यात एक गाठ होती, देठ असलेली, छोट्या बोराएवढी. तारेच्या फासानं ती देठासकट काढली. तपासायला पाठवली. आठ दिवस आम्ही दोघं रेडिओ न लावता काढले. मग निकाल आला. गाठीच्या टोकाला कर्करोगाच्या पेशी सुरू झाल्या होत्या, पण देठापर्यंत पोचल्या नव्हत्या. गाठ पूर्ण निघाली होती, पोट कापायची गरज नव्हती. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, मग वर्षानं पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षांनी आला असतात तर मी आज एवढ्या थोडक्यात बोलले नसते."

दादानं गाठीचा रंगीत फोटो मागून घेतला. तो आता त्याच्या पाकिटात असतो, वहिनींच्या फोटोच्या मागच्या कप्प्यात. कुणी जेवायला बसलं असलं तरी तो दाखवतो. माझी नळी साफ आली होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

पेटीबाईंनी चार पानी फॉर्म भरला. 'चूक कशी झाली'च्या जागेत काय लिहिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण त्यानंतर संशोधनवाल्यांची बैठक झाली आणि कार्डात एक वाक्य वाढलं. आमच्या एकट्या बाजूला नाही, जिथे जिथे त्यांची माणसं दारोदार जात होती तिथे सगळीकडे. शास्त्राला माझा हातभार एवढाच, एक वाक्य. दादा म्हणतो, रक्त त्याचं होतं, म्हणून वाक्यही त्याचं. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

संशोधन पुढच्या वर्षी संपलं. आम्हाला छापील पत्र आलं. माणूस दारात आला त्या बाजूच्या लोकांनी पोस्टवाल्या बाजूपेक्षा जास्त नळ्या परत दिल्या होत्या. म्हणजे औषध लागू पडलं होतं. खाली दोन ओळी होत्या, की प्रत्येक दारी माणूस पाठवणं शक्य नसल्यामुळे यापुढे नळ्या सर्वांना पोस्टानं येतील. दादानं ते पत्र वाचून पोस्टमनला जिन्यात गाठलं आणि सुनावलं. त्या गरिबाचा काही दोष नव्हता. पत्राखाली बऱ्याच सह्या होत्या. त्यांतली पेटीबाईंची कुठली, हे मला कसं कळणार? त्या आता कुठे जिने चढतात, घरी कोण आहे, एक नाडी पांढरी का, यातलं मी काहीच विचारलं नाही. प्रत्येक भेटीत त्या मला विचारत होत्या, काही विचारायचं आहे का, आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होतो.

शेवटच्या वेळी त्या आल्या तो गुरुवारच होता. दादाला आता नळीची गरज नव्हती, त्याची दुर्बीणच ठरलेली होती, म्हणून तो खुर्चीत बसून नुसता टवाळी करत होता. तीन टकटक झाल्या, सारख्या अंतराच्या. दार मी उघडलं. वर्षानं पुन्हा करायची म्हणून दिलेली नळी मी आदल्या दिवशीच भरून, तारीख घालून, कपाटात नाही तर चक्क टेबलावर ठेवली होती. झाकण मी लावलेलं, त्यामुळे जरा सैलच होतं. पेटीबाईंनी ते आवळलं, नळी उजेडात धरली, आणि कार्ड न बघता म्हणाल्या,

"ही नळी आपली स्वतःचीच आहे ना?"

"माझीच."